मुलांच्या श्वासाचा राखणदार : डॉ. शेव्हेलियर जॅक्सन

वर्गात शिकवीत असता फळ्याकडून मागे वळून पाहावे, तो दोनचार विद्यार्थ्यांच्या दातांत पेनाचे टोपण धरलेले आम्हांस हमखास दिसते. कुणी शर्टाचे सुटलेले बटण गालात घोळवीत असतो, तर कुणी जिभेवर नाणे ठेवून शेजाऱ्यास हसवीत असतो. आम्ही रागावतो, टोपण क्षणभर खिशात जाते आणि आम्ही पुन्हा फळ्याकडे वळताच दातांत परत येते. या टोपणांच्या टोकास एक बारीकसे छिद्र असते, हे किती विद्यार्थ्यांच्या ध्यानात आले असेल? टोपण चुकून घशात अडकले तरी त्या छिद्रातून थोडा वारा आत जावा व प्राण वाचावा, एवढ्यासाठीच ते ठेविलेले असते. कुणातरी विचारी माणसाने, ज्या मुलास त्याने कधी पाहिलेही नाही, त्या मुलाची ही काळजी वाहिलेली आहे.

शाळेच्या वार्षिकांतून थोरांची चरित्रे आपण नेहमी वाचतो. रणांगण गाजविणारे वीर, भक्तिमार्ग दाखविणारे संत, देशासाठी तुरुंगवास पत्करणारे पुढारी यांच्या कथा वाचून आपली मान आदराने लवते, आणि ते योग्यच आहे. यंदा मात्र आम्ही एका निराळ्या थोर पुरुषाची ओळख करून देणार आहोत. याने तलवार कधी हाती धरली नाही, परंतु तलवारीहूनही नाजूक अशी हत्यारे चालवून त्याने हजारो मुलांना मृत्यूच्या दाढेतून बाहेर काढिले. गिळलेली टाचणी, नाणे, बटण, खिळा, शेंगदाणा यांच्याशी तो आयुष्यभर झगडला. त्याचे नाव डॉ. शेव्हेलियर जॅक्सन.

अमेरिकेतील पेन्सिल्व्हेनिया राज्यात पिट्सबर्ग नावाचे मोठे शहर आहे. लोखंड आणि कोळसा यांच्या व्यापाराने ते भरभराटीस आलेले. त्या शहरी ४ नोव्हेंबर १८६५ रोजी जॅक्सनचा जन्म झाला. घरची माणसे सुसंस्कृत होती. परंतु सुबत्ता फार काळ टिकली नाही. शेव्हेलियरचे बालपण शहराबाहेर, कोळशाच्या खाणींच्या परिसरात गेले. अंगाने तो किरकोळ, स्वभावाने लाजाळू आणि मनाने अत्यंत हळवा होता. गाडीवान दमलेल्या घोड्यांवर चाबूक उगारीत तेव्हा या मुलाच्या डोळ्यांना धारा लागत. अशा मुलाचे शाळेत काय होणार? दांडगट मुलांना तो आयताच सापडला. त्यांनी त्याचा जो छळ मांडला त्याच्या हकीकती ऐकवत नाहीत. एकदा तर तो बेशुद्ध अवस्थेत एका ओसाड कोळशाच्या खाईत टाकला गेला. एका खाणकामगाराच्या कुत्र्याने त्यास हुडकून काढिले म्हणूनच तो वाचला.

विद्यार्थी मित्रहो, येथे क्षणभर थांबू या. अंधाऱ्या खाईत पडलेला, ज्याची हाक कुणाच्या कानी पोचत नाही असा तो मुलगा नजरेसमोर आणा. ज्यास लहानपणी छळ सोसावा लागतो तो पुढे स्वतःच छळ करणारा निपजतो, असे पुष्कळदा घडते. जॅक्सनच्या बाबतीत नेमके उलट झाले. मुक्या, असहाय जिवाचे दुःख त्यास जन्मभर सोसवेना. ज्यांस आपल्या वेदना शब्दांनी सांगता येत नाहीत अशा तान्ह्या मुलांच्या सेवेस त्याने आपले आयुष्य वाहिले, त्याचे मूळ बालपणीच्या या दिवसांत असावे, असे आम्हांस वाटते.

त्या दुःखात त्यास एक सोबती लाभला होता, तो म्हणजे हातातील कसब. लाकूड तासावे, धातू वाकवावा, रंग कालवावे, चित्रे काढावी यांत तो तासन्तास रमे. वैद्यक शिकण्याचे त्याच्या मनाने घेतले तेव्हा पैशाची अडचण आ वासून उभी राहिली. मग त्याने काचेच्या व चिनी मातीच्या भांड्यांवर वेलबुट्टी रंगविण्याचे काम पत्करिले आणि त्या मिळकतीवर शिक्षणाचा खर्च भागविला. फिलाडेल्फिया येथील जेफर्सन मेडिकल कॉलेजातून तो १८८६ साली पदवीधर झाला. भांड्यांवरची नक्षी रंगविताना बोटांना जी स्थिरता लाभली तीच पुढे शेकडो बालकांच्या उपयोगी पडली. शिकलेली कोणतीही कला वाया जात नाही, याचे याहून चांगले उदाहरण क्वचितच मिळेल.

पदवी हाती येताच त्याने लंडनची वाट धरिली. घशाच्या विकारांविषयी सर मॉरेल मॅकेंझी यांचा त्या काळी मोठा लौकिक होता. त्यांच्यापाशी जॅक्सनने अन्ननलिकेत डोकावून पाहण्याचे एक उपकरण पाहिले. ते फारसे कामाचे नाही हे त्याच्या कारागीर दृष्टीस तत्काळ उमगले. परंतु त्यामागील कल्पना मात्र त्याच्या मनात घर करून राहिली.

ही कल्पना अगदीच नवी होती असे नव्हे. १८६८ साली जर्मनीत कुसमाउल नामक वैद्याने तलवार गिळण्याचे खेळ करणाऱ्या एका माणसाच्या घशातून सरळ नळी थेट जठरापर्यंत उतरविली होती. पुढे १८९७ साली जर्मनीतच गुस्ताफ किलियान यांनी एका शेतकऱ्याच्या श्वासमार्गात अडकलेला हाडाचा तुकडा नळीवाटे बाहेर काढिला. तोपर्यंत फुफ्फुसात गेलेली वस्तू म्हणजे बहुधा मृत्यूचे आमंत्रणच असे. रोगी आठवडेच्या आठवडे खोकत राही, ताप येई, फुफ्फुसात पू होई आणि तो झिजत झिजत मरण पावे. पुष्कळदा तर त्यास क्षय झाला असे समजूनच उपचार होत. आत एक बटण अडकून बसले आहे हे कुणाच्या स्वप्नीही येत नसे.

जॅक्सनने पिट्सबर्ग येथे व्यवसाय मांडिला आणि १८९० साली आपली स्वतःची अन्ननलिका पाहण्याची नळी तयार केली. तिच्या साहाय्याने त्याने एका प्रौढाने गिळलेली कृत्रिम दातांची कवळी आणि एका मुलाने गिळलेले नाणे बाहेर काढिले. सर्वत्र वाहवा झाली. इतर वैद्यांनीही तशा नळ्या करवून घेतल्या. परंतु हत्यार विकत मिळते, हात विकत मिळत नाही. अडाणी हातांनी नळ्या घुसविल्या गेल्या आणि रोगी दगावू लागले. जॅक्सनला याचा फार मोठा धक्का बसला. आपल्या शोधाने कीर्ती मिळते आहे, एवढ्यावर तो समाधान मानू शकला असता. तसे न करता त्याने नळीचा प्रसार थांबविला, आणि ती निर्धोकपणे कशी वापरावी हे स्वतःस पुरते उमगल्यावाचून व दुसऱ्यास नीट शिकविता आल्यावाचून तिचा पुरस्कार करावयाचा नाही असे ठरविले. कीर्ती दाराशी आली असता तिला थोडे थांबावयास सांगणे, हे फार थोड्यांना साधते.

त्याच्या दवाखान्यात बहुतेक रोगी गोरगरिबांचे असत. अशाच एका गरीब घरातील सात वर्षांची मुलगी एकदा त्याच्याकडे आणली गेली. तिने कॉस्टिक सोडा गिळला होता. तेथील घराघरांतून हा सोडा साबण करण्यासाठी व मोऱ्या साफ करण्यासाठी डब्यांतून आणून ठेवीत. दिसावयास पांढरा, साखरेसारखा. आणि मुलांची नजर साखरेवर असावयाचीच! तो तोंडात पडताच जीभ, घसा, अन्ननलिका सारे भाजून निघते. त्यातून जीव वाचला तरी जखम भरताना अन्ननलिका आक्रसून येते आणि तिचे भोक सुईच्या नेढ्याएवढे उरते. मग अन्न तर दूरच, पाण्याचा घोटही उतरेनासा होतो. या मुलीची तीच गत झाली होती. तिच्या घशाखाली पाणी उतरत नव्हते आणि तहानेने तिचा जीव कासावीस झाला होता.

जॅक्सनने आपली नळी अलगद आत उतरविली आणि अरुंद झालेल्या वाटेत अडकून बसलेला एक करडा गोळा चिमट्याने काढून घेतला. नंतर परिचारिकेने मुलीच्या ओठांशी पाण्याचा पेला धरिला. नेहमीप्रमाणे पाणी उलटून येणार या भीतीने तिने अगदी थेंबभर घेतले. ते खाली उतरले. तिने आणखी एक घोट घेतला, तोही उतरला. तेव्हा त्या पोरीने पेला धरलेला हात हळूच बाजूस सारिला, डॉक्टरांचा हात आपल्या हाती घेतला आणि त्याचे चुंबन घेतले. पुढे जॅक्सनला मानसन्मान पुष्कळ लाभले, सुवर्णपदके मिळाली. परंतु म्हातारपणी आत्मचरित्र लिहावयास बसल्यावर या चिमुकल्या मुलीची आठवण त्याने जिव्हाळ्याने नमूद करून ठेविली.

विसाव्या शतकाच्या आरंभापासून त्याने आपल्या उपकरणांत सुधारणा करण्याचा सपाटा लाविला. श्वासनलिकेत उतरवावयाच्या नळीस ब्रॉन्कोस्कोप म्हणतात. तिच्या आतल्या टोकाशी त्याने इवलासा विजेचा दिवा बसविला आणि आतील द्रव शोषून घेण्याची सोय केली. त्यामुळे अंधारी वाट उजळली. नाना आकारांचे लांब, निमुळते चिमटे त्याने करविले. कारण नाण्याचा चिमटा टाचणीस चालत नाही, आणि टाचणीचा चिमटा शेंगदाण्याचा चुरा करून टाकितो. १९०७ साली त्याने या विषयावर आपला पहिला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला.

त्याच्या कामाची पद्धत विद्यार्थ्यांनी मुद्दाम ध्यानी धरण्यासारखी आहे. मुलाने काय गिळले हे कळले की घाईने नळी घालावयाची, असे तो करीत नसे. तशीच दुसरी वस्तू तो मिळवी, ती रबरी नळीत अडकवून ठेवी आणि कोणत्या चिमट्याने, कोणत्या बाजूने, किती जोराने ती धरली म्हणजे भोवतालच्या मांसास इजा न होता बाहेर येईल, याचा पुनःपुन्हा सराव करी. उघडी सेफ्टी पिन टोक वर करून अडकली असेल तर ती सरळ ओढणे म्हणजे साक्षात घात. जितकी ओढावी तितकी ती अधिक रुतणार. अशा वेळी तो पिन आतल्या आतच मिटवून घेई, किंवा अन्ननलिकेतून ती जठरात नेऊन तेथील मोकळ्या जागेत उलटी करी आणि मग टोक मागे ठेवून बाहेर काढी. हे सारे एका तान्ह्या बाळाच्या, बोरूहून फार जाड नसलेल्या नलिकेत करावयाचे! दोन्ही हातांनी तो सारख्याच सफाईने काम करी. व्याख्यान देताना रंगीत खडूंनी दोन्ही हात चालवून तो फळ्यावर घशाची अशी चित्रे काढी की पाहणारे थक्क होत.

पण हे कसब शरीरसौख्याच्या जोरावर चाललेले नव्हते. क्षयरोगाने त्यास एकदा नव्हे, तीन वेळा गाठले. त्या काळी क्षयावर रामबाण औषध नव्हते. महिनेच्या महिने अंथरुणास खिळून राहावे लागे. जॅक्सनने त्या सक्तीच्या विश्रांतीत लेखन केले, चित्रे काढिली. १९१६ साली तो फिलाडेल्फियास जेफर्सन कॉलेजात प्राध्यापक म्हणून गेला आणि कालांतराने त्या शहरातील एकूण पाच वैद्यकीय संस्थांत त्याने अध्यापन केले. स्त्रियांनी डॉक्टर होणे अनेकांना खपत नसलेल्या काळात त्याने पेन्सिल्व्हेनियातील स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयात आनंदाने शिकविले, आणि १९३५ पासून काही वर्षे त्या संस्थेचे अध्यक्षपदही सांभाळिले. हे तेच महाविद्यालय, जेथून आपल्या आनंदीबाई जोशी १८८६ साली डॉक्टर होऊन बाहेर पडल्या. जॅक्सनच्या पदवीचेही तेच वर्ष. एकाच शहरात, एकाच वर्षी, एक महाराष्ट्रकन्या आणि हा खाणींच्या परिसरात वाढलेला मुलगा वैद्य झाले, हा योगायोग आम्हांस मोठा मनोज्ञ वाटतो.

आता त्याच्या एका विलक्षण छंदाविषयी सांगावयाचे आहे. मुलांच्या देहातून काढलेली प्रत्येक वस्तू तो जपून ठेवी. ती कुणाची, वय किती, कोठे अडकली, कशी काढिली, याची बारकाईने नोंद करी. वस्तू परत मागणाऱ्यास तो साफ नकार देई. एका नाण्यासाठी तर त्याच्यावर जिवाची धमकी सोसण्याचा प्रसंग आला, तरी त्याने ते नाणे दिले नाही. पुढे हा सारा संग्रह त्याने फिलाडेल्फियातील म्यूटर संग्रहालयास अर्पण केला. तेथील खणांतून त्या २,३०० हून अधिक वस्तू हारीने मांडलेल्या आहेत. टाचण्या, पिना, बटणे, नाणी, खिळे, हाडे, कवळ्या, खेळण्यांचे तुकडे, इवलीशी खेळण्यातील दुर्बीणदेखील! शुभदायक म्हणून जवळ बाळगावयाचे एक पदक त्यांत आहे, आणि शाळेत एकही दिवस न चुकविल्याबद्दल मिळालेला बिल्लाही आहे. ज्याने तो बिल्ला मिळविला तो विद्यार्थी किती गुणी असेल! पण गुणी मुलाच्या तोंडातील वस्तूही घशात जातेच.

कुणास हा संग्रह विक्षिप्तपणा वाटेल. जॅक्सनच्या दृष्टीने मात्र तो पुरावा होता. असे आमच्या घरी घडणार नाही, हे प्रत्येक आईबापांचे म्हणणे असते. त्या खणांतील प्रत्येक वस्तू अशाच एखाद्या घरातून आलेली होती, आणि त्या घरातील माणसेही आदल्या दिवसापर्यंत तेच म्हणत होती. हजारो नोंदी एकत्र पाहिल्यावर जॅक्सनला जे दिसले ते एकट्यादुकट्या डॉक्टरास दिसणे शक्य नव्हते. या दुर्घटना दैवाने घडत नाहीत, त्या सवयींनी घडतात. शिवणकाम करणारी स्त्री टाचण्या ओठांत धरते, सुतार खिळे दातांत धरतो, आणि मूल मोठ्यांचे अनुकरण करिते. बाळाचे कपडे बदलताना उघडी पिन त्याच्या हाताशी ठेविली जाते. दाढा न आलेल्या मुलाच्या हाती शेंगदाणे दिले जातात. शेंगदाण्याविषयी तर त्याने विशेष इशारा दिला. खिळा क्ष-किरणांनी काढलेल्या चित्रात दिसतो, शेंगदाणा दिसत नाही. आणि तो फुफ्फुसात गेला की तेथे अतिशय दाह उत्पन्न करितो. शेंगदाण्याशी आपला किती घरोबा आहे हे सांगावयास नको. म्हणून हा इशारा आपणांसही लागू आहे.

घशात वस्तू अडकली असता काय करू नये, हेही त्याने सांगून ठेविले. बोट घालून चाचपू नये, कारण त्याने वस्तू आणखी खोल जाते. मुलास पाय धरून उलटे टांगू नये. आमच्या गोव्यात माशाचा काटा अडकला की भाताचा गोळा किंवा केळे न चावता गिळावयास सांगण्याची रीत आहे. आम्हीही लहानपणी असे गोळे गिळले आहेत. कधी काटा निघून जातो, हे खरे. पण कधी तो त्या दाबाने अधिक रुतून बसतो, म्हणून आजचे डॉक्टर या उपायास अनुकूल नाहीत.

आता जॅक्सनच्या आयुष्यातील सर्वांत मोठ्या लढ्याकडे वळू. कॉस्टिक सोड्याने भाजलेली मुले त्याच्याकडे येतच होती. एकेका मुलाची आक्रसलेली नलिका हळूहळू रुंद करण्यास महिने, कधी वर्षे लागत. एक मूल बरे होऊन घरी जावे तो दुसरे दारात उभे! त्याने डबे मागवून पाहिले. त्यांवर आत विष आहे असा एका अक्षराचाही उल्लेख नव्हता. औषधाच्या दुकानातील विषाच्या बाटलीवर तसा शब्द लिहिणे भाग असे. वाण्याच्या दुकानातील या डब्यास मात्र कसलेच बंधन नव्हते. ज्या आयांच्या मुलांवर हा प्रसंग आला त्यांना ही भुकटी इतकी घातक असेल याची कल्पनाच नव्हती.

तेव्हा या लाजाळू, मितभाषी माणसाने एक असे काम हाती घेतले की जे त्याच्या स्वभावास मुळीच मानवणारे नव्हते. तो कायदे करणाऱ्यांच्या दारी गेला. मुलांची छायाचित्रे, नोंदी, डबे घेऊन तो सभांतून बोलला. व्यापाऱ्यांचा विरोध झाला. डब्यावर विष असे छापले तर माल कोण घेणार, ही त्यांची भीती. काही लोकप्रतिनिधींना हा विषय क्षुल्लक वाटला. जॅक्सनने चिकाटी सोडली नाही. अमेरिकन मेडिकल असोसिएशन त्याच्या पाठीशी उभी राहिली. अनेक वर्षांच्या खटपटीनंतर ४ मार्च १९२७ रोजी राष्ट्राध्यक्ष कूलिज यांची सही होऊन दाहक विषांसंबंधीचा कायदा अस्तित्वात आला. अशा डब्यांवर विष हा शब्द ठळक छापावा आणि अपघात झाल्यास करावयाचे प्रथमोपचारही लिहावे, असे बंधन त्याने घातले.

मित्रहो, एका गोष्टीचा विचार करा. नळी आणि चिमटा यांच्या साहाय्याने जॅक्सनने जी मुले वाचविली त्यांची मोजदाद आहे. प्रत्येकाची वस्तू खणात ठेविलेली आहे. परंतु डब्यावरील त्या एका शब्दाने जी मुले वाचली त्यांची मोजदाद कुठेच नाही. आईने तो शब्द वाचला, डबा उंच फळीवर ठेविला आणि मूल खेळत राहिले. काहीच घडले नाही. न घडलेल्या गोष्टीची बातमी होत नाही, तिचा बिल्ला मिळत नाही, तिच्यासाठी कुणी डॉक्टरांच्या हाताचे चुंबन घेत नाही. आपल्या हातात जगातील दुर्मिळ कसब असताना त्या कसबाची गरजच पडू नये म्हणून झटणे, यातच जॅक्सनचे खरे मोठेपण आहे असे आम्ही समजतो.

उतारवयात तो पेन्सिल्व्हेनियातील एका ओढ्याकाठच्या जुन्या गिरणीच्या घरात राहिला. तेथे त्याने चित्रे काढिली, सुतारकाम केले, झाडे आणि पाखरे यांची सोबत केली. १९३८ साली त्याचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. त्याचा मुलगाही त्याच विद्येत प्रवीण झाला आणि दोघांनी मिळून ग्रंथ लिहिले. १६ ऑगस्ट १९५८ रोजी, वयाच्या ९२ व्या वर्षी हा महापुरुष निवर्तला. तोवर त्याचे शिष्य आणि शिष्यांचे शिष्य देशोदेशी पसरलेले होते. आज कोणत्याही मोठ्या इस्पितळात मुलाच्या फुफ्फुसातून शेंगदाणा काढिला जातो तेव्हा त्या कामामागे जॅक्सनने घालून दिलेली शिस्त असते.

येथे चरित्र संपले. परंतु त्याचे काम संपले असे म्हणवत नाही. ज्या सोड्याशी तो झगडला तो आता रूप पालटून आपल्या घरात आला आहे. घड्याळे, रिमोट, वजनकाटे, जत्रेत आणि फेस्तात मिळणारी लुकलुकणारी खेळणी यांत बटणासारखी चपटी, चकचकीत बॅटरी असते. ती मुलाने गिळली आणि अन्ननलिकेत अडकली तर तेथील ओलाव्यातून वीज वाहू लागते आणि बॅटरीच्या एका बाजूस जो दाहक क्षार तयार होतो, तो त्या कॉस्टिक सोड्याचाच भाऊ होय. अवघ्या दोन तासांत खोल भाजू शकते. टाकून दिलेल्या, संपलेल्या बॅटरीतही एवढी शक्ती उरलेली असते. अशा बॅटऱ्यांच्या झाकणास स्क्रू असावा व वेष्टनावर इशारा असावा म्हणून अमेरिकेत २०२२ साली पुन्हा कायदा करावा लागला. जॅक्सनच्या कायद्यास तोवर ९५ वर्षे होऊन गेली होती.

म्हणून आमच्या वाचक कुटुंबांस विनंती आहे. आयांनो, मावश्यांनो, बांगडीत किंवा मंगळसूत्रात अडकविलेल्या पिना बाळाला कडेवर घेण्यापूर्वी काढून ठेवा. आजोबांनो, सुपारीचे खांड नातवाच्या हाती देऊ नका. मोरी साफ करण्याचे औषध सरबताच्या बाटलीत भरून ठेवू नका. जुन्या बॅटऱ्या उघड्या टाकू नका. मुलाने बॅटरी गिळल्याचा नुसता संशय आला तरी त्यास ओकारी काढावयास न लावता तडक इस्पितळात न्या आणि क्ष-किरण चित्र काढवून घ्या. उद्या पाहू असे म्हणू नका. घशात काही अडकले असता मूल जोराने खोकत असेल तर खोकू द्या. त्याचा आवाज व श्वासच बंद झाला तर वर्षाच्या आतील बाळास हातावर पालथे, डोके खाली करून घ्या, दोन खांद्यांच्या मध्ये पाच जोरकस थापा द्या, मग उताणे करून छातीच्या मध्यभागी पाच वेळा दाबा. आणि कुणास तरी मदतीसाठी पिटाळा. मोठ्या मुलांसाठी पोटावर दाब देण्याची रीत निराळी आहे. ती डॉक्टरांकडून किंवा प्रथमोपचाराच्या वर्गात जाऊन प्रत्यक्ष शिकून घ्या.

आणि विद्यार्थी मित्रहो, तुम्हांस काय सांगावे? घरातील रांगणारे भुरगे आईपेक्षा तुमच्याकडेच अधिक पाहत असते. तुम्ही जे तोंडात धराल ते तेही धरील. जमिनीवर पडलेला मणी मोठ्यांच्या नजरेस पडत नाही, तुमच्या पडतो. तो उचलून ठेवण्यास पदवी लागत नाही, चिमटाही लागत नाही.

गोव्यात प्रत्येक गावच्या वेशीवर राखणदार असतो अशी आपली श्रद्धा आहे. गाव झोपले तरी तो जागा असतो, असे वडीलधारी माणसे सांगतात. घरालाही असा एक राखणदार असावा आणि तो तुमच्यापैकी कुणी व्हावा, एवढीच आमची अपेक्षा आहे. आरंभ करावयाचाच असेल तर हा लेख वाचताना दातांत धरलेले ते पेनाचे टोपण आता खिशात ठेवा.